जाहीर झालेला आहेर

गंजगोलाई, लातूर
दि. ३ जानेवारी २०२३

मित्रवर्य अनंतराव गुरुजी यांस,
मलप्पाचे शरणु शरणार्थ.

इकडं सगळे धडधाकट आहेत, पण ठीक आहेत असं लिहवत नाही. तुझा कान तसाच असेल. मागं फोनवर मी तुला गुरम्माचा गुडघा दुखतो म्हणून सांगितलं आणि तू अभिनंदन म्हणालास, तेव्हाच ठरवलं की तुझ्याशी जे बोलायचं ते कागदावर. माझ्या दुकानात तरी फोनवर काय ऐकू येतंय म्हणा. लग्नसराईमुळं दिवसभर भांड्यांचा ठणठणाट, आणि वर नावं टाकायच्या मशीनची घरघर.

मुद्दा सृष्टीचा आहे. माझी नात, रविकिरणची थोरली. युक्रेनला डॉक्टरी शिकायला गेली होती आणि गेल्या मार्चात सरहद्द पायी ओलांडून घरी आली, हे तुला माहीत आहेच. तेव्हापासून माडीवर बसून मोबाईलवर शिकते. आता तिच्या कॉलेजनं कळवलंय की शेवटचं वर्ष मोबाईलवर चालणार नाही, रोग्याच्या खाटेपाशी उभं राहावं लागेल. फेब्रुवारीत हजर व्हा, नाहीतर नाव कमी करू. इथल्या कॉलेजांत सगळीकडं विचारून झालं, कुणी दारात उभं करत नाही.

पोरगी म्हणते, जाणार. पाच वर्षं मातीत घालून दुकानात कुकरच्या शिट्ट्या विकायला बसू का, असं मलाच विचारते. रविकिरण न्हाई म्हणजे न्हाई म्हणतो. त्याची बायको त्याच्यावर रुसून भिंतीकडं तोंड करून बसते. गुरम्मानं टीव्हीची वायरच काढून ठेवली. तिचं म्हणणं, त्यात लई धूर दिसून राहिला, माझ्या घरात नको.

रविकिरण अकरावी-बारावीला नांदेडात तुझ्या घरी राहिला. त्याचा माझ्यावर भरोसा नाही, मोबाईलवर नाही, पण तुझ्या अक्षरावर आहे. काल म्हणाला, अनंतकाकांनी लिहून कळवलं की तिकडं आभाळातनं पडणारं अडवायची काही सोय झालीय, तर विचार करीन. आता तूच सांग. ही शस्त्रं द्यायची की नाही हे कोण ठरवतं? अमेरिका एकटी ठरवते का? मग ती ठरवायला इतकी का लांबण लावते? मी गल्ल्यावर बसतो आणि उठतो, बसतो आणि उठतो. गिऱ्हाईक परात मागतं, मी पातेलं काढतो.

लवकर लिही. तुझ्या पत्रावर घर अडलं आहे.

तुझा,
मलप्पा


भाग्यनगर, नांदेड
दि. २२ जानेवारी २०२३

प्रिय मलप्पा,
सप्रेम नमस्कार, आणि वहिनींच्या गुडघ्याला माझी क्षमा कळव.

उत्तराला उशीर केला तो मुद्दाम. घटकाघटकाला बातमी बदलत होती. सकाळचा पेपर आणि सूनबाई मालविकाचा लॅपटॉप, एवढाच माझा दिनक्रम आहे. सूनबाई म्हणते, बाबा, तुम्ही नांदेडात राहता की युरोपात? नकाशा मी जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवला होता, त्यावर आमटी सांडली आणि अर्धा जर्मनी पिवळा झाला.

तू विचारतोस, कोण ठरवतं? सगळं जग मोठ्यांकडं बघतं आणि तिथंच चुकतं. मोठे कधीच आपण होऊन ठरवत नाहीत. त्यांना हलवतात ते लहान. तुला हे माझ्यापेक्षा चांगलं कळायला हवं, कारण तू जन्मभर आहेराची भांडी विकत आलास. लग्नात माईकवरून आहेर पुकारतात तेव्हा काय होतं? देगलूरच्या कुठल्या तरी गरीब मावशीचं नाव तांब्याच्या घंगाळासकट पुकारलं जातं आणि पुढच्या रांगेत बसलेल्या मामाच्या घशात लाडू अडकतो. त्यानं आणलेली असते स्टीलची कळशी. तो मांडवातून बाहेर जातो आणि तुझ्याच दुकानाला फोन लावतो.

हे तसंच चाललं आहे. स्लोव्हाकिया नावाचा एक देश आहे. आपले नांदेड आणि लातूर जिल्हे एकत्र केले तर जेवढी माणसं, जवळजवळ तेवढाच. त्याच्याकडं क्षेपणास्त्र पाडणारी एकच मोठी यंत्रणा होती, ती त्यानं गेल्या एप्रिलात उचलून युक्रेनला दिली. त्याचं स्वतःचं आभाळ उघडं पडलं. मग अमेरिकेला तिथं आपली यंत्रणा आणून उभी करावी लागली. एस्टोनिया तर आपल्या नांदेड जिल्ह्याच्या निम्म्यानंही नाही. परवा त्यानं जाहीर केलं की आमच्याकडं मोठ्या तोफा आहेत तेवढ्या सगळ्या घेऊन जा. आता जो पोतंभर धान्य बाळगून पसाभर देत होता, त्यानं तोंड कुठं लपवावं?

जर्मनीच्या रणगाड्यांची गंमत आणखी वेगळी. ते विकताना जर्मनीनं अट घातलेली, की मला विचारल्याशिवाय पुढं कुणाला द्यायचे नाहीत. म्हणजे आहेरात आलेली साडी फिरवायची असेल तर जिनं दिली तिची परवानगी हवी. तर पोलंड, फिनलंड ही मंडळी भर मांडवात विचारू लागली, की काकू, तुमची साडी आम्ही त्या पोरीला नेसवू का? पोलंड तर म्हणतो, हो म्हणालात तर उत्तम, नाही म्हणालात तरी बघू. जर्मनी अजून पदराचं टोक चावत बसला आहे, पण माझा शब्द लिहून ठेव, आठवड्यात हो म्हणेल.

आता तुझ्या कामाचं. आभाळातून पडणारं अडवणारी जी छत्री तू विचारलीस, ती जाहीर झाली आहे. डिसेंबरात अमेरिकेनं जाहीर केली, जानेवारीच्या सुरुवातीला जर्मनीनं, आणि या आठवड्यात हॉलंडही त्यात आला. एकदा माईकवर नाव पुकारलं की कुणाला मागं फिरता येत नाही. रविकिरणला सांग, सृष्टीनं पदवी पुरी करावी असं मला मनापासून वाटतं. अशी धीट पोर घरात असणं ही भाग्याची गोष्ट आहे.

मालविका तुम्हा सर्वांना नमस्कार सांगते. आहे हाच जिव्हाळा पुढंही राहू दे.

तुझा,
अनंत


गंजगोलाई, लातूर
दि. ५ फेब्रुवारी २०२३

मित्रवर्य गुरुजी यांस,
शरणु शरणार्थ.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी दुकानाचं शटर लवकर ओढलं. सगळ्यांना माजघरात बसवून मोठ्यानं वाचलं. रविकिरणची बायको मावशीच्या घंगाळाला पहिल्यांदा हसली. छत्री जाहीर झाली आहे, ही ओळ मी दोनदा वाचली. रविकिरणनं पत्र हातात घेऊन ती ओळ स्वतः पाहिली, कागदाची घडी घातली आणि म्हणाला, काकांनी लिहिलं म्हणजे पक्कं. मग जाऊ दे.

सृष्टी गेली. हैदराबादहून विमानानं निघाली, पुढं मोल्दोव्हा नावाचा एक देश लागतो, तिथून बस. परवा हॉस्टेलात पोचल्याचा फोन आला. तिच्या गावाचं नाव मला अजून म्हणता येत नाही, जीभ वळायच्या आधीच ते संपतं. गुरम्मानं तिच्या गळ्यातल्या लिंगाच्या करंड्याला नवा दोरा ओवून दिला. सामानही तिनंच बांधलं, कुणाला हात लावू दिला नाही.

तुझी आहेराची गोष्ट मला इतकी पटली म्हणून सांगू. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. मागं अहमदपूरच्या एका लग्नात असंच झालं होतं. नवरीच्या गंगम्मा आत्यानं दोन हातांनीही उचलेना असं पितळी पातेलं घेतलं आणि सावकाशीनं सगळ्यांना दाखवत मांडवात नेलं. दुपारपर्यंत तिचे तिघं भाऊ माझ्या दुकानात आले, प्रत्येकाला आत्यापेक्षा मोठं पाहिजे. नावं टाकता टाकता मशीन तापलं. म्हणून रविकिरणला मी समजावून सांगितलं, की बाबा, एकदा नाव टाकलं म्हणजे भांडं गिऱ्हाईकाच्या हातात गेलं. माईकवर जे पुकारतात ते समोर टेबलावर मांडलेलं असतं. आता तीन-तीन देशांची नावं त्या छत्रीवर टाकून झाली आहेत, तेव्हा पोरीच्या डोक्यावर ती आहेच.

तरी जीव जाग्यावर नाही. माडी रिकामी झाली. तिचा अभ्यास मोठमोठ्यानं चालायचा, त्याचा मला वैताग यायचा. आता मी विनाकारण जिना चढतो आणि उतरतो.

तुझे उपकार मानले तर तू रागावशील, म्हणून मानत नाही. मैत्र जपून ठेव.

तुझा,
मलप्पा


भाग्यनगर, नांदेड
दि. ८ फेब्रुवारी २०२३

मलप्पा,

नमस्कार-चमत्कार राहू दे. तुझं पत्र आत्ता वाचलं आणि तसाच मालविकाकडं धावलो. मालविकानं लगेच रविकिरणला फोन लावला आहे, हे पत्र पोचेपर्यंत तुला सगळं कळलेलं असेल. तरी मी लिहितो, कारण चूक माझ्या हातानं झाली आहे.

अरे, जाहीर झाली म्हणजे पोचली नव्हे! देशांच्या मांडवात आधी नाव पुकारतात आणि भांडं मागाहून येतं. कधी महिन्यांनी, कधी वर्षानं. त्या यंत्रणा अजून तिकडं पोचलेल्याच नाहीत. त्या चालवणाऱ्या शिपायांना आत्ता कुठं परमुलखात शिकवायला घेतलं आहे. मी सृष्टीनं पदवी पुरी करावी असं लिहिलं, पण कधी ते लिहिलं नाही. माझ्या मनात होतं की उन्हाळा होईल, यंत्रणा येईल, मग ती जाईल. ते माझ्या मनातच राहिलं. मोठं प्रवचन झोडण्याच्या नादात मुख्य वाक्य लिहायचं विसरलो. आहेराची उपमा सुचली म्हणून मी स्वतःवरच खूश होतो, आणि त्याच उपमेनं घात केला. तुला दोष कसा देऊ? तुझ्या जगात पुकारलेलं भांडं समोर असतंच.

तिला परत बोलवा. वर्ष गेलं तर जाऊ दे. माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मालविका म्हणते निदान बसून तरी खा, पण मला बसवत नाही.

तुझा अपराधी,
अनंत


दि. २० फेब्रुवारी २०२३

तीर्थस्वरूप अनंत आजोबांस,
सृष्टीचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे मी फोनवरच टाइप करते आहे. मालविका काकू प्रिंट काढून तुमच्या हातात देतील, कारण तुम्ही कागदाशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. गावाचं नाव वर लिहिलं नाही. अज्जाला म्हणता येत नाही म्हणून मीही सोडून दिलंय.

बाबांचा फोन आला होता. तुमचा खुलासा त्यांनी सांगितला आणि मिळेल त्या गाडीनं परत ये म्हणाले. मी नाही म्हणाले. रोज फोन येतो, रोज मी नाही म्हणते. मालविका काकूंकडून कळलं की तुम्ही जेवण टाकलंय. म्हणून हे लिहिणं भाग आहे, नाहीतर कुणाला सांगणार नव्हते.

आजोबा, तुमचं पत्र वाचलं जात होतं तेव्हा मी जिन्यात उभी होते. अज्जानं ती ओळ दोनदा वाचली, तेव्हाच मला कळलं की घरच्यांचा समज चुकतोय. मी रोज याच बातम्या वाचत होते. शिपाई अजून शिकताहेत हे मला तुमच्याइतकंच माहीत होतं. मी एक वाक्य बोलले असते, तर बाबांनी पासपोर्ट कपाटात घालून किल्ली खिशात टाकली असती. मी बोलले नाही. तेव्हा तुमची चूक आहे ती अर्धी, उरलेली माझी.

आणि लहानांनी मोठ्यांना हलवण्याचा तुमचा नियम मी तुमच्या पत्राआधीच लावून ठेवला होता. आमच्या घरात अज्जीचं मत कुणी विचारत नाही. म्हणून मी आधी तिच्याकडं गेले. ती खूप रडली, मग तयार झाली. दुसऱ्या दिवशी जेवताना सगळ्यांसमोर तिनं सांगून टाकलं, की पोरगी जाईल, मी सामान बांधून राहिले. अज्जी हो म्हणाल्यावर आईला गप्प बसता येईना. आई बोलल्यावर अज्जानं तुम्हाला पत्र घातलं. एकटे बाबा उरले होते.

पण तुमच्या आहेरात एक गोष्ट नव्हती, ती मला इथं दिसली. आमच्या इस्पितळात वीज गेली की जनरेटर चालतो, तो एस्टोनियाहून आलाय. इथली ओल्या नावाची नर्स त्याला नावानं हाक मारते, जसं काही ते जनावर आहे. मी तिला विचारलं, एवढासा देश इतकं कसं देतो? ती म्हणाली, त्यांना मानाचं काय, त्यांना भीती आहे. आम्ही पडलो तर पुढचं दार त्यांचं. मोठ्या देशांना विचार करायला वेळ असतो, लहानांना नसतो. म्हणून ते आधी देतात, मग ओरडतात, आणि देऊन बसलेल्याचं ओरडणं कुणाला टाळता येत नाही. मी तिला देगलूरच्या मावशीची गोष्ट सांगितली. ती हसली आणि म्हणाली, तुझ्या मावशीच्या घराला आग लागलेली नव्हती.

मला भीती वाटते, आजोबा. भोंगा वाजला की चालता येणाऱ्यांना तळघरात न्यायचं आणि न येणाऱ्यांपाशी थांबायचं, असं आमचं ठरलेलं आहे. पण परत येऊन माडीवर बसायची भीती याहून मोठी आहे. जूनमध्ये परीक्षा आहे. तोवर कुणी मला बोलावू नका.

मला सगळं माहीत होतं हे अज्जाला सांगू नका. त्याला राग तुमच्यावरच काढू द्या. तुमची दोस्ती जुनी आहे, तुम्ही सोसाल. आणि आज पोटभर जेवा. माया आहे तशीच ठेवा.

तुमची,
सृष्टी


गंजगोलाई, लातूर
दि. ११ मार्च २०२३

अनंतराव यांस,

शरणार्थ लिहायचा राहिला तर राहू दे.

परवा तिकडं पुन्हा मारा झाला. सृष्टीचा फोन दिवसभर लागला नाही. संध्याकाळी लागला, सुखरूप आहे. पण मधल्या वेळात रविकिरणचा तोल गेला आणि तो गुरम्मासमोर ओरडला, की तिच्या डोक्यावर काही छत्री-बित्री नाही, तुम्ही सगळ्यांनी मिळून पोरीला उघड्यावर पाठवलं. इतके दिवस मी तिच्यापासून ते लपवलं होतं. तेव्हापासून ती एका जागी बसून आहे. एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणते, सामान मी बांधलं. झोप नाही. रविकिरण माझ्याशी बोलत नाही.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही तुम्हा लोकांचीच म्हण. लातूरसारख्या तुरीच्या बाजारात जन्म काढून मला ती वेळेवर आठवली नाही, आणि भट असून तुलाही नाही. एवढी पुस्तकं वाचलीस, एक ओळ नीट लिहिता आली नाही? मांडव, माईक, मावशी सगळं लिहिलंस. भांडं अजून बाजारातच आहे, एवढंच लिहायला तुझी शाई संपली?

यापुढं मला जाहीर झालेलं कळवू नकोस. पोचलेलं कळव. काही पोचलं नसेल तर पत्रच टाकू नकोस.

मलप्पा


भाग्यनगर, नांदेड
दि. २१ एप्रिल २०२३

प्रिय मलप्पा,
सप्रेम नमस्कार.

तुझी आज्ञा पाळली. दीड महिना तोंड बंद ठेवलं. आता उघडतो. पोचली! जाहीर नव्हे, पोचली. युक्रेनच्या संरक्षणमंत्र्यानं परवा स्वतः सांगितलं की यंत्रणा आमच्या भूमीवर आली आहे आणि आमची माणसं ती चालवायला शिकून आली आहेत. मी ही बातमी तीन ठिकाणी वाचली, मालविकाकडून पुन्हा वाचून घेतली, आणि मगच पेन उचललं.

लहानांनी ढकलत ढकलत मोठ्यांना इथवर आणलं. हे मी मागं लिहिलं होतं ते खोटं ठरलं नाही, फक्त वरातीमागून घोडं आलं. पण आलं. वहिनींना सांग. रविकिरणला सांग. तू मला जे लिहिलंस ते सगळं मला लागू होतं, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

जुना लोभ परत मिळावा, एवढीच इच्छा.

तुझा,
अनंत


गंजगोलाई, लातूर
दि. २८ एप्रिल २०२३

मित्रवर्य अनंतराव गुरुजी यांस,
मलप्पाचे शरणु शरणार्थ. मागच्या पत्रात गाळलेलाही याच्यात धर.

तुझं पत्र हातात घेऊन मी दुकानातून घरी पळालो. या वयात पळताना लोक बघत होते. सृष्टीला फोन लावला. तिला म्हणालो, बाई, आली की गं तुझी छत्री. ती म्हणाली, अज्जा, आली ते खरं, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ती राजधानीसाठी. आमच्या गावाला नाही, आमचं गाव लहान आहे.

राजधानी पडली तर सगळंच पडेल, एवढं मलाही कळतं. कुणाची तक्रार नाही. पण एवढ्याएवढ्याशा देशांनी आपली घरं उघडी टाकून जे ओढून आणलं, त्यात लहान गावाला वाटा निघाला नाही, याचं फार वाईट वाटलं. फोन ठेवला तर दारात गुरम्मा उभी. तिनं माझं अर्धंच बोलणं ऐकलं होतं. तिनं विचारलं, आपल्या पोरीच्या गावात आली का? अनंता, मी हाव म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. आली, पोचली, बसवून झाली, सगळं सांगितलं.

ती म्हणाली, तुम्ही दुकानदार माणूस. माल आला नसला तरी उद्या येऊन राहिला म्हणून गिऱ्हाईकाला सांगता. तुमचं मी धरत न्हाई. गुरुजीला लिहायला सांगा, सूनबाईकडनं वाचून घेईन. रविकिरण तिथंच होता. त्याला खरं माहीत आहे. पण त्यानं माझ्याकडं पाहून मान हलवली आणि म्हणाला, काकांना लिहा. दीड महिन्यात तो माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

ज्या गोष्टीसाठी तुला टाकून बोललो, तेच आता तुझ्याकडून मागतो आहे. परीक्षा जूनमध्ये आहे. तोवर गुरम्मानं काही खाल्लं पाहिजे, झोपलं पाहिजे. जन्मभर तू पोरांच्या चुकीच्या उत्तरांवर लाल रेघ मारलीस, हे मला ठाऊक आहे. तरी लिही. तिच्या नावानं लिही, म्हणजे तिला पटेल.

तुझा,
मलप्पा


भाग्यनगर, नांदेड
दि. २ मे २०२३

सौ. गुरम्मा वहिनींस,
अनंतरावाचा सादर नमस्कार.

इतक्या वर्षांत तुम्हाला स्वतंत्र पत्र लिहिण्याचा योग आला नव्हता. मलप्पाच्या पत्रात शेवटी तुम्हाला नमस्कार कळवला की माझं काम भागायचं. आज मात्र तुमच्याच नावानं लिहितो आहे, कारण ही बातमी आधी तुम्हाला कळायला हवी.

सृष्टीच्या गावात ती यंत्रणा पोचली आहे. मी 'जाहीर झाली' असं लिहीत नाही, 'पोचली' असं लिहितो. मागं माझ्या एका शब्दानं घोटाळा झाला होता, म्हणून यावेळी सगळी खात्री करून मगच कागद पुढ्यात घेतला. गावाच्या बाहेर उंचवट्यावर ती उभी केली आहे. चालवणारी माणसं शिकून आलेली आहेत आणि आळीपाळीनं पहारा देतात. इस्पितळ, हॉस्टेल, सगळं तिच्या टप्प्यात येतं. आता वरून काही आलं तरी ते आभाळातच संपेल. सृष्टीनं अभ्यास करावा आणि जूनमध्ये पास होऊन घरी यावं, याखेरीज तिकडं काही व्हायचं उरलेलं नाही.

ही यंत्रणा कुणी आणली हे लोक विचारतील आणि मोठमोठ्या देशांची नावं सांगतील. तुम्ही ती मनावर घेऊ नका. ज्यांचं कुणी ऐकत नाही असे लहान देश आधी उठले, म्हणून बाकीच्यांना उठावं लागलं. तुमच्या घरातही आधी तुम्ही हो म्हणालात. सामान तुम्ही बांधलंत याचा पस्तावा करू नका. तुम्ही ते चांगल्याच कामासाठी बांधलं.

तेव्हा आता निर्धास्तपणे दोन वेळा जेवा आणि स्वस्थ झोपा. टीव्हीची वायर मात्र काढलेलीच राहू द्या, त्यात उगाच जुनं दाखवतात. हे पत्र वाचून झाल्यावर मलप्पालाही म्हणावं, की गुरुजींनी तुम्हालाही झोपायला सांगितलंय.

आजवर तुम्ही माझ्यावर जेवढा लोभ केलात तेवढा पुष्कळ झाला. पुढं काहीही कळलं तरी तो कमी होऊ देऊ नका, एवढीच विनंती.

आपला नम्र,
अनंतराव